ऐनवेळी येणारे विषय
(विश्वस्त मंडळाच्या बैठका : उणिवा आणि उपाय या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील कोणत्याही सार्वजनिक न्यासाच्या बैठकीची सूचना हाती घेतली, तर तिच्यातील शेवटचा विषय न वाचताही सांगता येतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. संस्था देवस्थानाची असो, धर्मशाळा, वसतिगृह, वाचनालय वा गोरक्षणाची असो, ही ओळ चुकत नाही. पहिली ओळही तशीच ठरलेली : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. या दोन ओळींच्या मध्ये तिमाही जमाखर्चास मंजुरी, आलेल्या पत्रव्यवहाराची नोंद, एखाद्या उत्सवाची पूर्वतयारी असे चार-दोन विषय असतात. संस्थेचे पुढील दहा-वीस वर्षांचे भवितव्य ज्यांवर अवलंबून असते, ते प्रश्न मात्र या मधल्या ओळींत क्वचितच सापडतात. ते शेवटच्या ओळीत दडलेले असतात.

एक सर्वपरिचित चित्र डोळ्यांपुढे आणावे. नागपुरातील इतवारी, गांधीबाग, महाल या भागांतील संस्थांचे बरेचसे विश्वस्त व्यापारी असतात. सूचनेत वेळ सायंकाळी साडेसातची असते. दुकान आवरून मंडळी जमेपर्यंत साडेआठ होतात. ज्यांचा चौविहार असतो त्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते, इतरांना घरी ताट वाढून ठेवल्याची जाणीव असते. गणसंख्या पूर्ण झाली की मागील इतिवृत्ताचे वाचन सुरू होते. त्यात वीस मिनिटे जातात. मग जमाखर्च. तीन पंख्यांच्या दुरुस्तीला एवढा खर्च का, पाण्याच्या टाकीची सफाई दोनदा का झाली, उत्सवाच्या मांडवाला मागील वर्षापेक्षा अधिक रक्कम कशी लागली, यांवर तासभर चांगली हिरिरीची चर्चा होते. पावणेदहाच्या सुमारास चिटणीस म्हणतात, ‘दोनच किरकोळ विषय राहिले आहेत.’ त्या किरकोळांपैकी एक धर्मशाळेची मागील इमारत नऊ वर्षांच्या भाडेकराराने देण्याचा असतो आणि दुसरा मुदत संपत आलेल्या मोठ्या ठेवीचा. दहा मिनिटांत दोन्ही आटोपतात. नोंदवहीत लिहिले जाते : ‘सर्वानुमते मंजूर.’

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विनोदी पण मार्मिक पुस्तकात एका काल्पनिक वित्त समितीचे वर्णन केले आहे. ती समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, कारकुनांच्या सायकलींसाठी साडेतीनशे पौंडांच्या छपरावर पाऊण तास घालवते आणि बैठकीच्या कॉफीच्या एकवीस पौंडांवर सव्वा तास वाद घालते. कारण सोपे आहे. अणुभट्टी कोणाला कळत नाही, छप्पर सर्वांना कळते आणि कॉफीविषयी तर प्रत्येकाला मत असते. आपल्याकडे कॉफीच्या जागी मांडवाचे कापड असते, एवढाच फरक.

यात विश्वस्तांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वतःचा वेळ, पैसा आणि कधीकधी प्रकृतीही पणाला लावून मंडळी संस्था चालवितात. दोष माणसांचा कमी आणि बैठकीच्या घडणीचा अधिक आहे. जिला प्रश्नच विचारलेला नाही अशी सभा उत्तर कसे देणार? ‘जमाखर्चास मंजुरी देणे’ हा विषय आहे, प्रश्न नाही. त्याला ‘मंजूर’ याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही. बैठक कंटाळवाणी होते ती भाषणे लांबल्याने नव्हे, तर तेथे ठरविण्याजोगे काही शिल्लक ठेवलेले नसते म्हणून. तरुण विश्वस्त दोन-तीन बैठकांना येतात, आपल्या येण्या न येण्याने काहीच बदलत नाही हे त्यांच्या ध्यानात येते आणि पुढे त्यांची सही घेण्यासाठी नोंदवही त्यांच्या घरी पाठवावी लागते.

खरा प्रश्न विश्वस्तांपुढे ठेवला गेला की काय घडते, याचे उदाहरण नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हे बजाज घराण्याने उभारलेले. जमनालाल बजाज त्या घराण्याचे कर्ते पुरुष आणि गांधीजींचे निकटचे सहकारी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला या मंदिरात मुक्त प्रवेश असावा, हा त्यांचा आग्रह होता. मंदिर घराण्याचे, पैसा घराण्याचा, शहरात शब्दाला वजन. एका हुकमाने दार उघडणे त्यांना अवघड नव्हते. परंतु मंदिराचा कारभार विश्वस्तांकडे होता आणि सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता. जमनालालजींनी विश्वस्तांचे मन वळविण्याचा मार्ग पत्करला. विश्वस्त मंडळाच्या संमतीने जुलै १९२८ मध्ये मंदिर सर्वांना खुले झाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह अद्याप व्हायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संमतीचे मोल कळते.

विश्वस्त मंडळाच्या दृष्टीने या घटनेत विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. संस्थापकाच्या घराण्यातील माणसाने घेतलेला निर्णय त्या माणसाबरोबर जातो. मंडळाने घेतलेला निर्णय संस्थेचा होतो. जमनालालजी १९४२ साली निवर्तले, मंदिराचे दार त्यानंतरही उघडेच राहिले. आपल्याकडील अनेक संस्थांत याच्या नेमके उलट घडते. संस्थापक किंवा ज्येष्ठ अध्यक्ष आधी निर्णय घेतात, तो अमलात येतो आणि मग तो ‘कायम करण्यासाठी’ बैठकीपुढे ठेवला जातो. निर्णय कित्येकदा उत्तमही असतो. पण बैठकीला त्यात वाटा नसल्यामुळे तो निभावण्याची जबाबदारीही कोणाला आपली वाटत नाही.

येथे कायद्याची बाजू थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण ‘आम्ही काही बोललोच नव्हतो’ हा बचाव अनेकांना पुरेसा वाटतो. तो पुरेसा नाही. राज्यातील सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन पुढे ‘महाराष्ट्र’ आले, तरी सांगाडा तोच आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा दान, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देणे, या गोष्टी धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून ग्राह्य ठरत नाहीत. म्हणजे वर वर्णिलेला, दहा मिनिटांत ‘सर्वानुमते मंजूर’ झालेला नऊ वर्षांचा भाडेकरार मुळातच लंगडा आहे. न्यासासाठी कर्ज काढण्यासही पूर्वमंजुरी लागते. विश्वस्तांमध्ये बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेत न गेल्यामुळे निवर्तलेल्या विश्वस्तांचीच नावे परिशिष्टाच्या उताऱ्यावर वर्षानुवर्षे राहतात आणि बँकेत खाते चालविताना पंचाईत होते. गैरकारभार वा कर्तव्यात सतत कसूर झाल्यास कलम ४१ड अन्वये विश्वस्ताला निलंबित करता येते, पदावरून दूरही करता येते. त्या वेळी कोण बोलले आणि कोण गप्प बसले, याची विचारपूस गप्प बसलेल्याला अनुकूल होईलच असे नाही.

१८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खाजगी न्यासांसाठी आहे. परंतु त्यातील दोन तत्त्वे प्रत्येक विश्वस्ताने मनात बाळगावीत अशी आहेत. विश्वस्त एकाहून अधिक असतील तर न्यासाचे काम सर्वांनी मिळून करावे, हे एक. हे तत्त्व सार्वजनिक विश्वस्तांच्या बाबतीतही न्यायालयांनी लावलेले आहे. आणि सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी, हे दुसरे. इतवारीतील कोणता व्यापारी स्वतःचे दुकान नऊ वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती देण्याचा निर्णय जेवायला उशीर होतो म्हणून दहा मिनिटांत घेईल?

लेखापरीक्षकाचा अहवालही या दृष्टीने वाचण्याजोगा असतो. १९५१ च्या नियमांतील नियम १९ खाली लेखापरीक्षकाला जी माहिती द्यावी लागते, तिच्यात केवळ आकडे नसतात. विश्वस्तपत्रात सांगितल्याप्रमाणे सभा नियमित होतात काय? सभांच्या इतिवृत्ताची वही ठेवली आहे काय? विश्वस्तांची किमान व कमाल संख्या राखली आहे काय? न्यासाच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे काय? कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको वा धनको आहे काय? मागील वर्षी दाखविलेल्या अनियमिततांची पूर्तता झाली काय? शासनाने ही प्रश्नावली तयार करून दिली आहे. वर्षातून एकदा हा अहवाल केवळ ‘वाचून नोंद घेण्या’ऐवजी प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारून विश्वस्तांनीच त्याचे उत्तर द्यावे, एवढे केले तरी ती बैठक इतर सर्व बैठकांपेक्षा जागी होईल. हितसंबंधाच्या प्रश्नावर थोडा वेळ शांतता पसरेल, हे खरे. पण अशी शांतता हितकारक असते.

आता उपायांकडे वळता येईल. पहिला उपाय विषयपत्रिकेच्या भाषेचा. विषय प्रश्नरूपाने लिहावा. ‘धर्मशाळेच्या मागील इमारतीबाबत विचार करणे’ असे न लिहिता, ‘मागील इमारत संस्थेने स्वतः चालवावी, तीन वर्षांच्या आत मुदतीच्या कराराने द्यावी, की दीर्घ मुदतीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे मंजुरीचा अर्ज करावा?’ असे लिहावे. लिहिणाऱ्याला यात अधिक कष्ट पडतात, कारण पर्याय मांडण्यापूर्वी ते शोधावे लागतात. चिटणीसपदाचे खरे काम तेच आहे. अशा प्रश्नासोबत एका पानाचे टिपण आठवडाभर आधी घरोघरी पोहोचावे : आजचे उत्पन्न किती, दुरुस्तीचा खर्च किती, विश्वस्तपत्रात या इमारतीविषयी काय म्हटले आहे. टिपण पान-दीड पानाहून मोठे नसावे. मोठे टिपण कोणी वाचत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलेले बरे. इतिवृत्तही आधीच पाठवावे, म्हणजे त्याच्या वाचनाची वीस मिनिटे वाचतात आणि दुरुस्ती असेल तेवढीच चर्चेला येते.

आणि ‘ऐनवेळी येणारे विषय’? ही ओळ काढून टाकावी असे नाही. पाइप फुटतो, पुजारी आजारी पडतो, पालिकेची नोटीस येते. अशा तातडीच्या गोष्टींसाठी ती राहावी. पण मालमत्ता, ठेवी, नेमणुका आणि घटनादुरुस्ती हे चार विषय त्या ओळीखाली कधीही घेतले जाणार नाहीत, असा एक ठराव प्रत्येक मंडळाने एकदा करून ठेवावा. अध्यक्षांची परवानगी मोठी खरी, परंतु जे विश्वस्त त्या दिवशी गावी गेले आहेत त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार तिच्यात येत नाही.

दुसरी गोष्ट वर्षाच्या आखणीची. बैठकांच्या तारखा सोयीने ठरतात. त्या कामाच्या निकडीने ठरल्या पाहिजेत. अधिनियमाच्या कलम ३१अ प्रमाणे ठरावीक मर्यादेहून अधिक उत्पन्नाच्या न्यासांनी हिशेबी वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना आधी अंदाजपत्रक सादर करावयाचे असते. एप्रिल ते मार्च असे वर्ष धरले, तर ते फेब्रुवारी संपण्यापूर्वी व्हावयास हवे. प्रत्यक्षात बहुतेक संस्थांत मुनीमजी मागील वर्षाच्या आकड्यांत दहा टक्के मिळवून अंदाजपत्रक ‘बसवितात’ आणि त्यावर सह्या होतात. जमाखर्च, ताळेबंद, लेखापरीक्षण हे सारे झालेल्या गोष्टींचे कागद आहेत. अंदाजपत्रक हा विश्वस्तांपुढे येणारा असा कागद आहे, ज्यात पुढचे वर्ष अजून कोरे असते. त्या कोऱ्या वर्षावर दोन तास बोलावे, पंख्यांवर बोलू नये.

आयकराचेही तसेच. धर्मादाय न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी, अथवा विशिष्ट कारणासाठी कमाल पाच वर्षांपर्यंत राखून ठेवीत असल्याचे विहित रीतीने कळवावे, अशी तरतूद आहे. हे भान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते. मग घाईघाईने चादरी वाटल्या जातात, नको असलेले फर्निचर घेतले जाते, किंवा ‘भविष्यात इमारत बांधण्यासाठी’ असे मोघम कारण लिहून ठराव होतो. नोव्हेंबरात एक बैठक याच प्रश्नाला दिली, तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागविता येतात, दवाखान्याशी बोलणी करता येतात, पैसा योग्य ठिकाणी पोहोचतो. दानशूर मंडळींनी रुपया दिला तो चादरीच्या घाईसाठी नव्हे.

बैठका किती असाव्यात, मंडळ किती मोठे असावे, यावर मतमतांतरे आहेत. नागपूरकरांना यासाठी फार दूर जावे लागत नाही. काँग्रेसनगर या वस्तीच्या नावात ज्याची आठवण आहे, ते डिसेंबर १९२० चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन असहकाराच्या ठरावासाठी प्रसिद्ध आहे. चौदा हजारांवर प्रतिनिधी तेथे आले होते. जमनालालजीच स्वागताध्यक्ष होते. परंतु त्याच अधिवेशनात संमत झालेल्या नव्या घटनेने केलेला एक बदल संस्थाचालकांनी विशेष पाहण्यासारखा आहे. तोपर्यंत काँग्रेसचा डंका डिसेंबरातले तीन-चार दिवस वाजे आणि मग वर्षभर शांतता असे. नव्या घटनेने साडेतीनशे सदस्यांची अखिल भारतीय समिती ठेवली आणि वर्षभर काम पाहण्यासाठी पंधरा जणांची कार्यकारिणी नेमली. सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरली, म्हणजे दार रुंद झाले. निर्णयाचे टेबल मात्र लहान झाले. आपल्या अनेक न्यासांत नेमके उलट असते. मान राखण्यासाठी मंडळावर एकवीस-पंचवीस नावे आणि सामान्य सभासदाला मात्र वार्षिक सभेत दोन मिनिटेही बोलता येत नाही.

सामान्य लोकांना बैठकीबाहेर ठेवल्याने काय होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. पुण्याच्या पर्वती संस्थानाच्या पंचांच्या कारभाराविषयी एकोणिसाव्या शतकात लोकांत असंतोष होता. दाद मागणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की, सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला? त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणण्याचा नियम झाला. ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजारांची मुखत्यारपत्रे आणली. गणेश वासुदेव जोशी यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव मिळाले ते या सभेमुळे, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी ती देशभर नावारूपाला आणली. एका देवस्थानाचा कारभार नीट चालला नाही, म्हणून महाराष्ट्राला एक थोर संस्था मिळाली. प्रत्येक वेळी असा लाभ होत नाही. बहुधा मिळतो तो कोर्टातला दावा, आणि तो नातवंडांपर्यंत चालतो.

आता मतभेदाचा प्रश्न. आणि येथे थोडे थांबणे इष्ट आहे. आपल्या संस्थांत ‘सर्वानुमते’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. मतदान झाले म्हणजे भांडण झाले, अशी समजूत असते. गांधीजींच्या निधनानंतर १९४८ साली सेवाग्रामला झालेल्या संमेलनातून आकाराला आलेल्या सर्व सेवा संघाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची प्रथा तत्त्व म्हणून स्वीकारली होती. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनात संघाने उतरावे की नाही, या प्रश्नावर तिची कसोटी लागली. बहुसंख्य कार्यकर्ते जयप्रकाशजींच्या बाजूने होते, थोडे पण निष्ठावंत कार्यकर्ते विरोधात होते, आणि ते का विरोधात होते हे त्यांनी लपविले नाही. त्या वर्षी जुलैत वर्ध्याला झालेल्या बैठकीत संघ फुटण्याची वेळ आली, तेव्हा विनोबांनी मार्ग सुचविला : ज्यांना आंदोलनात जायचे त्यांनी सत्य, अहिंसा आणि संयम यांची मर्यादा पाळून जावे, ज्यांना ग्रामदानाचे काम करायचे त्यांनी ते करावे. तो मार्गही फार काळ टिकला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पवनारला मतभेद विकोपाला गेले. सर्वसंमतीची प्रथा संघाला एकत्र ठेवू शकली नाही, असे म्हणता येईल, आणि ते चूक नाही. परंतु कोणाचे मत काय आणि का, हे त्या मंडळींना एकमेकांच्या तोंडून ठाऊक होते. आपल्याकडील ‘सर्वानुमते’ बहुधा निराळे असते. तेथे मत विचारलेलेच नसते. खरे मत जिन्यावरून उतरताना, चपला घालताना, गाडी सुरू करताना व्यक्त होते. आणि ते इतिवृत्तात येत नाही.

म्हणून अध्यक्षांनी एक साधी पद्धत अवलंबावी. नागपूरशेजारी कामठीला लष्कराची छावणी आहे. लष्करी न्यायालयांतील एक नियम नागरी संस्थांनी उसना घेण्यासारखा आहे. तेथे सदस्यांची मते घेताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात होते. वरिष्ठ आधी बोलले तर कनिष्ठाचे मत त्यांच्या मागे जाते, हे माणसाच्या स्वभावाचे ज्ञान त्या नियमात आहे. विश्वस्त मंडळातही महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांत नव्या वा तरुण विश्वस्तापासून आरंभ करून प्रत्येकाला दोन-दोन मिनिटे द्यावीत आणि अध्यक्षांनी शेवटी बोलावे. काकांसमोर पुतण्याने, व्याह्यांसमोर व्याह्यांनी विरोध करणे आपल्या समाजात अवघड असते. प्रत्येकाला क्रमाने विचारले म्हणजे तो विरोध राहत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होते. महिला विश्वस्तांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. अनेक मंडळांत त्यांचे नाव असते, खुर्ची असते, उत्सवातील स्वयंपाकाची जबाबदारीही असते. ठेवींच्या प्रश्नावर मात्र त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

ज्येष्ठांचा प्रश्नही नाजूक आहे. चाळीस वर्षे संस्था सांभाळलेल्या माणसाला निवृत्त व्हा असे सांगणे कोणालाही जमत नाही, आणि सांगूही नये. परंतु त्यांच्याकडे जे ज्ञान आहे, म्हणजे कोणत्या जागेची खरेदी कोणत्या साली झाली, कोणत्या भाडेकरूशी कोणता तोंडी करार आहे, कोणत्या देणगीदाराने काय अट घातली होती, ते त्यांच्या हयातीत कागदावर यावे. वर्षातून एक बैठक केवळ यासाठी घ्यावी. अन्य विषय नाही, ठराव नाही. ज्येष्ठांनी सांगावे, तरुणांनी विचारावे आणि चिटणिसांनी लिहावे. ज्या संस्थांत असे होत नाही तेथे एका अंत्ययात्रेबरोबर निम्मा दप्तरखाना जातो.

राहिला भाग इतिवृत्ताचा. भाडेवाढीचेच उदाहरण घ्यावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने घरमालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला आहे. एखाद्या न्यासाच्या गाळ्याचे भाडे दरमहा पाचशे रुपये असेल, तर पहिल्या वर्षी ही वाढ महिन्याला केवळ वीस रुपयांची. एवढ्यासाठी ओळखीच्या भाडेकरूशी कोण वाईटपणा घेणार, म्हणून विषय पुढे ढकलला जातो. असे दहा गाळे आणि पंचवीस वर्षे धरली म्हणजे काय होते, याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला कागदाविना करता येईल. पण वह्या चाळल्या तर दर वर्षी एकच ओळ सापडते : ‘भाडेवाढीबाबत चर्चा झाली.’ कोणी काय मत मांडले, काय ठरले, काम कोणाकडे दिले, मुदत कोणती, यांपैकी काहीही नाही.

ही ओळ पुढील बैठकीत अशी लिहिता येईल : ‘ठराव : न्यासाच्या सर्व गाळेधारकांना दिनांक १ एप्रिलपासून कायद्याने देय असलेली भाडेवाढ लागू करण्याची नोटीस द्यावी. नोटिसांचा मसुदा वकिलांकडून तपासून १५ जानेवारीपर्यंत पाठविण्याची जबाबदारी सहचिटणीसांकडे राहील. दोन विश्वस्तांनी ही वाढ दोन वर्षांत विभागून घ्यावी असे मत नोंदविले. बहुमताने मूळ ठराव संमत झाला. एक विश्वस्त स्वतः गाळेधारक असल्याने चर्चेत व मतदानात सहभागी झाले नाहीत.’ आणि त्यापुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत, मागील इतिवृत्त कायम केल्यानंतर, दुसराच विषय असावा : ‘सहचिटणीसांनी किती नोटिसा पाठविल्या आणि किती गाळेधारकांची उत्तरे आली?’